वॉटर-बेस शाईसाठी वेटिंग आणि लेव्हलिंग एजंट निवडताना

पाण्याचा पृष्ठताण 25 अंश सेल्सिअसला सुमारे 72 डाइन प्रति सेंटिमीटर असतो, तर कोरोना प्रक्रिया (विजेच्या झोताने पृष्ठभाग शाई धरेल असा करणे) न केलेल्या पॉलिथिन फिल्मची पृष्ठऊर्जा जेमतेम 31 असते. त्यामुळे वॉटर-बेस शाई तिच्यावर पसरण्याऐवजी आकसते. म्हणून रसायन बदलण्याआधी डाइन पेनने (ठरावीक पृष्ठताणाचा द्रव भरलेल्या पेनने) फिल्म तपासावी. ओढलेली रेघ दोन सेकंदांच्या आत तुटून तिचे मणी झाले, तर दोष बहुधा शाईचा नसून फिल्मचा असतो. वेगवान छपाईत स्थिर पृष्ठताणापेक्षा गतिमान पृष्ठताण (नवा पृष्ठभाग तयार होताच त्या क्षणी असणारा) महत्त्वाचा ठरतो, आणि तिथे ॲसिटिलिनिक डायॉल वर्गातले, फारसा फेस न करणारे वेटिंग एजंट (शाईचा पृष्ठताण कमी करून ती पसरवणारी रसायने) मला अधिक भरवशाचे वाटतात. सिलिकॉनच्या लेव्हलिंग एजंटने पृष्ठभाग गुळगुळीत होतो खरा, पण मात्रा वाढली की वरचा थर नीट धरत नाही, म्हणून 0.1 टक्क्यापासून सुरुवात करून ती थोडीथोडी वाढवावी आणि प्रत्येक नमुन्यावर दुसरा थर देऊन, तो पूर्ण वाळल्यावर टेप ओढून पाहावी. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात जुलैच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते आणि शाईला सपाट व्हायला अवधी मिळतो, तेव्हा पावसाळ्यात ठरवलेली मात्रा मार्चच्या उन्हात पुन्हा तपासून घ्यावी.