दुकानाचं चालू खातं: आधी रोखीचा हिशोब, मग बँक

मी साताऱ्यात छोट्या दुकानदारांचं अकाउंट्सचं काम बघते. नवा धंदा काढणारा हमखास विचारतो, "ताई, झिरो बॅलन्स कुठं मिळेल?" मी उलट विचारते, गल्ल्यात रोख किती येते?

चालू खात्यावर व्याज मिळत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. रोख भरण्यालाही पैसे पडतात, हे मात्र पहिला आकार कापला गेल्यावरच कळतं. ठरावीक रकमेपर्यंतचा भरणा फुकट, पुढे आकार, त्यावर 18 टक्के जीएसटी. किराणा किंवा चहाचं दुकान असेल तर दरपत्रकातली हीच ओळ आधी वाचा. सुट्टी नाणी आणि दहाच्या नोटा कॅशियर कुरकुर न करता घेतो का, हे दरपत्रकात नसतं. ते त्याच शाखेत खातं असलेल्या शेजारच्या दुकानदाराला विचारा. सगळी उलाढाल यूपीआयवर असेल तर यातलं फारसं काही तुम्हाला लागू नाही.

शिल्लकीची अट बहुधा सरासरीची असते. तिमाही सरासरी 10,000 म्हणजे रोज तेवढे हवेतच असं नाही. 90 दिवसांत एकच दिवस 9 लाख राहिले, तरी सरासरी भरते. मोठं बिल एकदम येणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला हे सोयीचं. रोजच्या रोज माल उचलणाऱ्याला नाही.

सहकारी बँकेत ओळख असते, कर्जाचं बोलणं लवकर होतं. मला त्यात गैर वाटत नाही. पण ठेव विमा 5 लाखांचाच आहे, आणि मालक एकटाच असेल तर त्याच बँकेतलं त्याचं बचत खातं आणि दुकानाचं खातं मिळून 5 लाख. दोन्ही खाती एकाच बँकेत ठेवताना हे ध्यानात असू द्या.

आता कागद. पॅन, आधार, फोटो आणि धंद्याचे साधारण दोन पुरावे: उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी), शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी किंवा खाण्याचा धंदा असेल तर फूड लायसन. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्याचे हजार रुपये मागणाऱ्याला नमस्कार करा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टमध्ये नोंदणी नाही, नुसती सूचना द्यावी लागते. तिची पावती चालते का, ते शाखेत आधी विचारा. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि वीजबिल.

फाइल अडते ती नावावर. उद्यमवर 'श्री'च्या इंग्रजी स्पेलिंगला दोन ई, शॉप अ‍ॅक्टवर एक आय, एका कागदावर 'ट्रेडर्स', दुसऱ्यावर 'ट्रेडिंग'. बँकेच्या लेखी ही दोन दुकानं. म्हणून पहिला कागद काढतानाच नाव ठरवा आणि पाटी, शिक्का, फॉर्म सगळीकडे तेच अक्षर न अक्षर उतरवा. पाटी आधी लावा, कारण बँकेचा माणूस जागा बघायला येतो आणि फोटो काढतो.

जीएसटी नंबर आधी मिळाला असेल तर 30 दिवसांत किंवा पहिल्या जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) आधी, जे अगोदर येईल तेव्हा, खात्याची माहिती पोर्टलवर भरावी लागते.

एकट्या मालकाच्या चालू खात्यालाही नॉमिनी नेमता येतो. फॉर्ममधला तो रकाना कोरा सोडू नका. खातं सुरू झालं की काउंटरवरचा बचत खात्याचा क्यूआर त्याच दिवशी काढा, नाहीतर मार्चमध्ये दोन्ही खात्यांतल्या जमा नोंदी वेगळ्या करत मी बसते आणि माझी फी वाढते.