मिरची कोल्डला लावताय? ठसका कशाचा, तेवढं ओळखा

उन्हाळ्याच्या तोंडावर भिवापूर-उमरेडकडची वाळली मिरची कोल्ड स्टोरेजला लागते. बाहेर पारा चाळिशीकडे सरकलेला, आत कम्प्रेसरला उसंत नाही, गारवा करणारा अमोनिया गॅस ज्या पाइपांतून फिरतो त्यातलं प्रेशर चढलेलं. गॅस गळायचा तर अशाच दिवसांत. त्यात पोती उतरवताना सगळेच खोकत असतात, सगळ्यांच्याच डोळ्यांना धार असते. म्हणून अमोनियाचा पहिला झटका मिरचीच्या नावावर खपून जातो.

फरक वासाचा आहे. गोठ्यात रात्रभर मूत साचल्यावर येतो तसला उग्र वास मिरचीला येत नाही. तो आला की पोतं टाका आणि निघा. मशीनवाला 'रोजचंच आहे' म्हणेल. त्याचं नाक सरावलेलं असतं, त्यावर विसंबू नका. हवेच्या 10 लाख भागांत 300 भाग अमोनिया झाला की तिथं थांबणं जिवावर बेततं.

पळायचं कुठं? दुपट्ट्याचं टोक कुठं उडतं ते बघा. आधी वाऱ्याला आडवं निघून ढगाबाहेर पडा, मग वारा येतो त्या बाजूला जा. अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, पण पाइप फुटून द्रव बाहेर आला की थंडगार पांढरं धुकं होऊन तो जमिनीलगत सरपटतो. ओला दुपट्टा नाकातोंडावर धरा, पण तो दारापर्यंत पोचण्यापुरता. त्याच्या भरवशावर पावती आणायला पुन्हा आत शिरू नका. ट्रॅक्टर राहू द्या तिथंच. बंद जागेत हा गॅस 15 ते 28 टक्के झाला तर ठिणगीनं पेटतो.

अंगावर उडाला तर औषध एकच, साधं पाणी, आणि तेही भरपूर. डोळ्यांत गेला असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान 15 मिनिटं, जमलं तर अर्धा तास धार सोडा. डोळे चोळू नका. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. द्रव अमोनिया उणे 33 अंशाला उकळतो, म्हणजे अंगावर पडला की कातडी एकाच वेळी गोठतेही आणि जळतेही. एका हमालाची पँट मांडीला अशी चिकटलेली मी पाहिली आहे. कुणीतरी घाईनं ओढली आणि कातडी सोबत आली. पाणी ओतत राहिले असते तर कापड आपोआप सुटलं असतं.

ज्याच्या छातीत गॅस गेला तो तासाभरात 'बरा आहे' म्हणून घरी जायला निघतो. जाऊ देऊ नका. फुप्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागू शकतात. दवाखान्यात दिवसभर तरी नजरेखाली ठेवावं लागतं. 108 लावा.

जमिनीवर द्रवाचं थारोळं साचलं तर मात्र त्यावर बादली ओतू नका. पाण्याच्या उष्णतेनं ते उसळतं आणि गॅस आणखी सुटतो. वर तरंगणाऱ्या धुक्यावर फवारा मारतात, पण ते काम अग्निशमनवाल्यांचं. त्यांना 101 किंवा 112 वर बोलवा. व्हॉल्व्ह बंद करायला पाठीवर हवेचं सिलिंडर घेतलेलाच माणूस जाईल.

गावातल्या दूध संकलन केंद्राच्या बल्क कूलरची, म्हणजे दूध गार करायच्या टाकीची, गोष्ट वेगळी. त्यात बहुधा फ्रिऑन जातीचा गॅस असतो. त्यातला आर-22 नावाचा गॅस बघा: वास जवळजवळ नाही, हवेपेक्षा तिप्पट जड. छोट्या खोलीत, खड्ड्यात तो साचतो आणि माणूस न खोकताच कोसळतो. विहिरीत गाळ काढायला उतरलेला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, हे आपण ऐकत आलोय. इथंही तसंच होतं. आधी दारं-खिडक्या उघडा, बाहेरून मेन स्विच पाडा. बिडी, वेल्डिंग, गॅसबत्ती लांब ठेवा, कारण ज्वाळेला लागला की यातून विषारी आम्लवायू निघतात. डॉक्टरांना 'फ्रिऑन' हा शब्द आठवणीनं सांगा. या गॅसनं हृदय हळवं होतं, अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन ठोके बिघडवू शकतं.

यंदा माल लावायला जाल तेव्हा पहिलं पोतं उतरवायच्या आधी दुसरं दार कुठं आहे ते बघून ठेवा. ते कुलूपबंद असेल तर किल्ली मागा. आणि अंगणातला नळ उघडून बघा. एप्रिलमध्ये टाकीत पाणी असेलच असं नाही.