नाव बदललेल्या पॅकेजचं अपग्रेड: टिपण लिहिण्याआधी मला कळायला हवं होतं ते

पहिल्या नोकरीत सहा महिने झाले होते. कंपनीत आतल्या आत वापरायच्या एका पॅकेजचं नाव बदललं होतं आणि सगळ्या डेबियन (लिनक्सवर चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम) सर्व्हरवर ते कसं अपग्रेड करायचं, याचं टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन ओळी लिहिल्या: जुन्या नावाचं पॅकेज काढा, नव्या नावाचं टाका. माझ्या लॅपटॉपवर ते नीट चाललं होतं. सर्व्हरवरही चाललं. तीन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने साफसफाई करताना जुनं पॅकेज 'पर्ज' केलं, म्हणजे मुळासकट पुसलं, आणि चालू प्रोग्रॅमचा डेटा असलेला अख्खा फोल्डर गेला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता. त्या दिवशीच्या नोंदी मात्र लोकांना पुन्हा हाताने भराव्या लागल्या.

चूक सहकाऱ्याची नव्हती, टिपणाची होती. डेबियनमध्ये पॅकेज नुसतं 'रिमूव्ह' केलं की प्रोग्रॅम जातो, पण सेटिंगच्या फाइली आणि पॅकेज काढताना शेवटी चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, मशीनवर राहते. डीपीकेजी या पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत अशा पॅकेजपुढे 'आरसी' अशी दोन अक्षरं दिसतात. पर्ज केलं की ती राहिलेली स्क्रिप्ट चालते. आमच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, 'डेटाचा फोल्डर पुसून टाक.' नवं पॅकेज तोच फोल्डर वापरत होतं, हे जुन्या स्क्रिप्टला कळणार कुठून?

नाव बदलायची रीतसर पद्धत वेगळी आहे. जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज तयार करायचं, त्याला ट्रान्झिशनल पॅकेज म्हणतात. त्यात प्रोग्रॅम नसतो, 'मला नव्या नावाचं पॅकेज लागतं' एवढी डिपेंडन्सी असते. मशीन नेहमीसारखं अपग्रेड झालं की जुन्या नावाच्या जागी हे रिकामं येतं, ते नव्याला ओढून आणतं आणि ती घातक स्क्रिप्टही बदलली जाते. नव्या पॅकेजमध्ये 'ब्रेक्स' (जुन्याबरोबर जमत नाही) आणि 'रिप्लेसेस' (जुन्याच्या फाइली घेऊ दे) या दोन ओळी जुन्या आवृत्त्यांचा उल्लेख करून लिहायच्या. 'रिप्लेसेस' राहिली, तर 'ही फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे, तिच्यावर लिहिता येत नाही' अशी तक्रार करून डीपीकेजी मध्येच थांबतं. रिकाम्या पॅकेजचा विभाग 'ओल्डलिब्ज' ठेवायचा, हेही महत्त्वाचं. त्या विभागातल्या पॅकेजवरची 'हे माणसाने मुद्दाम टाकलंय' ही खूण अ‍ॅप्ट, म्हणजे पॅकेजं आणून अपग्रेड करणारा प्रोग्रॅम, नव्या पॅकेजवर सरकवतं. ती सरकली नाही, तर पुढे कधीतरी रिकामं पॅकेज काढल्यावर 'ऑटोरिमूव्ह' ही बिनकामाची पॅकेजं काढणारी आज्ञा खरा प्रोग्रॅमही घेऊन जाईल.

नाव का बदललं, हे टिपणात एका वाक्यात यायलाच हवं. कारण कळलं की वाचणारा घाबरत नाही. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या प्रोग्रॅमचं उदाहरण मला फार आवडतं. डेबियनमध्ये 'गिट' हे नाव आधीपासून जीएनयू इंटरॅक्टिव्ह टूल्स या वेगळ्याच पॅकेजकडे होतं, त्यामुळे २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या गिटला तिथे 'गिट-कोअर' म्हणून राहावं लागलं. पुढे त्या जुन्या पॅकेजचं नाव 'जीएनयूआयटी' झालं, जागा मोकळी झाली आणि २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीत गिट-कोअरला 'गिट' हे नाव मिळालं. पण हे नाव आधी ज्याच्याकडे होतं त्या जुन्या पॅकेजचा आवृत्ती क्रमांक ४ च्या घरात होता, नव्याचा १ च्या. नवं पॅकेजच जुनं समजलं जाऊ नये म्हणून क्रमांकाच्या आधी '१:' लावावं लागलं. आजही डेबियनवर गिटची आवृत्ती पाहा, ते '१:' तिथे आहे.

कधी नावाबरोबर घरचा पत्ताही बदलतो. ट्रेडमार्कच्या वादामुळे डेबियनमध्ये थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम बरीच वर्षं 'आइसडव्ह' नावाने नांदत होता. २०१७ मध्ये तो माहेरच्या नावावर परतला, तेव्हा प्रत्येकाच्या होम फोल्डरमधल्या प्रोफाइलचाही प्रश्न होता. सगळी मेल त्यातच. अशा वेळी टिपणाची पहिली पायरी 'प्रोग्रॅम बंद करा आणि प्रोफाइलची प्रत काढा' हीच असली पाहिजे, पॅकेजचं नाव त्यानंतर.

आणि कधी रिकामं पॅकेज येतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ढीगभर लायब्ररींच्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या) नावांना 'टी६४' ही शेपटी लागली, जसं 'लिबएसएसएल३' चं 'लिबएसएसएल३टी६४'. कारण १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत मोजलेली वेळ संपते, म्हणून ती ६४ बिटांत मोजायला घेतली. अपग्रेड करताना 'काढली जाणार' ही यादी एवढी लांब दिसते की नवा माणूस 'नाही' दाबून उठतो. साधं अपग्रेड काहीही काढत नाही, म्हणून अशी पॅकेजं तशीच अडकून राहतात. इथे 'फुल-अपग्रेड' लागतं, ते गरजेप्रमाणे पॅकेजं काढतंही. टिपणात ही लांब यादी आधीच दाखवा आणि सांगा, की काढल्या जाणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचा शेपटीवाला जोडीदार 'नवीन' यादीत आहे का ते पाहा. नसेल तर थांबा.

आता मी टिपण लिहायला बसते तेव्हा मथळ्यात जुनं नाव आधी घालते. शोधणाऱ्याला तेवढंच माहीत असतं. मग जुनं नाव आणखी कुठे कुठे लिहिलंय ते शोधायला लावते: सेटिंगचा ईटीसी फोल्डर, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन, डॉकरफाइल आणि अ‍ॅन्सिबलच्या फाइली (मशीन आपोआप उभं करायच्या सूचना), मॉनिटरिंग. पॅकेजबरोबर सर्व्हिसचं नाव बदललं असेल, तर रात्री अलार्म वाजतात ते इथूनच.

सगळ्यात जास्त वेळ मी चाचणीला देते. जुन्या आवृत्तीची तीन व्हर्च्युअल मशीन घेते. पहिल्यावर पॅकेज जसंच्या तसं टाकलेलं. दुसऱ्यावर सेटिंग फाइलमध्ये माझ्या हाताने एक ओळ घातलेली आणि डेटात एक ओळखीची नोंद, म्हणजे अपग्रेडनंतर दोन्ही टिकल्या का ते डोळ्यांनी पाहता येतं. तिसऱ्यावर पॅकेज टाकून रिमूव्ह केलेलं, म्हणजे 'आरसी' अवस्थेतलं. मग नवं पॅकेज टाकायचं, त्यात नोंद घालायची आणि शेवटी जुनं पर्ज करायचं. हे तिसरं मशीन बहुतेक लोक गाळतात. माझा घात तिथेच झाला होता. तिन्हींवर आज्ञा टिपणातूनच कॉपी करते, आठवणीतून टाइप करत नाही. आठवणीतून केलं की टिपणात राहून गेलेली पायरी हात आपोआप भरून काढतो आणि ती चूक दिसतच नाही.

रिकामं पॅकेज केव्हापासून काढून टाकता येईल, हेही लिहा. डेबियनमध्ये एक आवृत्ती गाळून उडी मारायला परवानगी नाही, म्हणून ते निदान एका स्थिर आवृत्तीपुरतं ठेवतात.

नोकरी लागायच्या आधी हे शिकायचं असेल, तर डेबियनची पुढची आवृत्ती यायच्या सुमारास एक जुनं मशीन अपग्रेड करून पाहा. बग ट्रॅकरवर 'अपग्रेड-रिपोर्ट्स' या नावाखाली असे अनुभव घेतले जातात आणि प्रकाशन टिपणातल्या चुकांसाठी 'रिलीज-नोट्स' हे वेगळं नाव आहे. अपग्रेडच्या आधीची आणि नंतरची पॅकेजांची यादी सोबत जोडा आणि कुठल्या पायरीवर अडलात ते नेमकं लिहा.