ॲल्युमिनियमच्या जुन्या बोटीतील कुजलेला ट्रान्सम बदलताना

मासेमारीच्या ॲल्युमिनियमच्या बोटीत लाकूडही असते, हे मला इंजिन डुगडुगू लागल्यावर कळले. बोटीचे अंग धातूचे असले तरी पातळ पत्र्याला आउटबोर्ड इंजिनाचे (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाचे) वजन आणि त्याचा रेटा एकट्याने सोसत नाही, म्हणून मागच्या उभ्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, साधारण दीड इंच जाडीचे प्लायवूड बसवलेले असते. तळाचे पाट आणि बसायच्या फळ्याही लाकडाच्या असू शकतात. त्या कुजल्या तर फार तर पाय आत जाईल, पण ट्रान्सम कुजला तर इंजिनच तळाला जाऊ शकते. त्यामुळे हाताशी वेळ कमी असेल, तर आधी ट्रान्समकडे पाहावे.

तपासणी सोपी आहे. बोट ट्रेलरवर असताना इंजिन वर उचलावे, त्याचा पंख्याकडचा भाग धरून वरखाली हलवावा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या पत्र्यावर नजर ठेवायला सांगावे. पत्रा श्वास घेतल्यासारखा फुगताना आणि आत जाताना दिसला, तर आतले लाकूड गेले असे समजावे. मी वरच्या कडेवरची पट्टी काढून तिथून स्क्रू ड्रायव्हर आत घातला, तर तो काहीही जोर न लावता मुठीपर्यंत गेला. त्याच्या टोकाला लागून आलेला काळपट चुरा बोटांत चोळल्यावर ओल्या मातीसारखा पसरला.

पहिल्या दुरुस्तीत मी जी चूक केली, ती इथे सविस्तर सांगतो, कारण नवशिक्यांकडून बहुधा तीच होते. मी चांगले मरीन प्लाय आणले, त्यावर एपॉक्सीचे (दोन द्रव कालवून केलेल्या, वाळल्यावर कडक होणाऱ्या राळेचे) तीन हात दिले, फळी जागेवर बसवली आणि मग त्या तयार फळीला आरपार भोके पाडून बोल्ट आवळले. तिसऱ्या वर्षी खालच्या बोल्टांभोवती आणि पाणी काढायच्या बुचाभोवती लाकूड पुन्हा मऊ लागू लागले. बाकीची फळी मात्र कोरडी ठणठणीत होती. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढत नाही. मी फळीची पृष्ठे बंद केली होती, पण प्रत्येक भोकात उघडे लाकूड ठेवून पाण्याला वाट स्वतःच करून दिली होती.

म्हणून आता मी भोके आधी पाडतो, तीही बोल्टाच्या जाडीपेक्षा बरीच मोठी. मागून चिकटपट्टी लावून ती दाट केलेल्या एपॉक्सीने भरतो आणि ती पुरती कडक झाल्यावर मधोमध बोल्टाच्या मापाचे भोक पाडतो. बोल्टाभोवती एपॉक्सीची नळी तयार होते आणि बोल्ट लाकडाला कुठेच टेकत नाही. काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्या दुरुस्तीत हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जुने लाकूड काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि ट्रान्समची उंची मोजून ठेवावी. आउटबोर्डचे शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत जाणारे उभे दांडे, साधारणपणे १५ किंवा २० इंची ट्रान्समसाठी केलेले असतात. उंची बदलली की पंखा चुकीच्या खोलीवर येतो. कुजलेली फळी अखंड निघत नाही, म्हणून आतील आकार पुठ्ठ्यावर उतरवून साचा करावा. ट्रान्सम मागे कललेला असल्याने खालची कड तिरपी कापावी लागते, हे लक्षात न आल्यामुळे माझी एक फळी वाया गेली. शिवाय एपॉक्सीच्या थरांनी जाडी वाढते, त्यामुळे फळी चहूबाजूंनी दोनेक मिलिमीटर लहान ठेवावी.

लाकडाच्या निवडीबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. ‘हे औषध मारलेले लाकूड आहे, कधीच कुजणार नाही’ असे कोणी सांगेल. ते खोटे नसते. परंतु लाकूड टिकवण्याच्या अनेक रसायनांत तांबे असते आणि ओल्या तांब्याशी संपर्क आला की ॲल्युमिनियम गंजते. पांढरी भुकटी धरते, पत्र्याला खड्डे पडतात आणि शेवटी लाकूड शाबूत, बोट मात्र गळकी, अशी गत होते. त्यापेक्षा पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचे साधे मरीन प्लाय घ्यावे. १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या एपॉक्सीने जोडल्या की हवी ती जाडी मिळते; क्लॅम्प मात्र बेताने आवळावेत, नाहीतर सगळी एपॉक्सी बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. स्टेनलेसचे बोल्टही पत्र्याला थेट टेकू न देता मध्ये सीलंट आणि नायलॉनचे वॉशर घालावेत, विशेषतः बोट खाऱ्या पाण्यात जाणार असेल तर.

एपॉक्सी एका वेळी थोडीच कालवावी. खोल डब्यात भरपूर कालवली, तर ती स्वतःच्या उष्णतेने तापते. माझ्या डब्यातून धूर निघाला आणि ब्रश त्यातच अडकून बसला. पसरट ताटली वापरल्यास काम करायला जास्त वेळ मिळतो. हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत, कारण एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

तळाचे पाट परत बसवण्यापूर्वी ट्रेलरवरच बोटीत थोडे पाणी ओतून बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट पाहावेत आणि जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करावी. पाणी चार बोटांपेक्षा जास्त भरू नये. एका लिटरचे एक किलो वजन होते आणि बोटीची बांधणी पाण्याचा दाब बाहेरून सोसण्यासाठी असते, आतून नव्हे. माझ्या बोटीत अशा अकरा खुणा झाल्या, त्यांपैकी सात ट्रान्समच्या खालच्या कडेला होत्या. आता दर वर्षी बोट बाहेर काढल्यावर मी खालचा एक बोल्ट सोडवतो आणि भोकात कोरडी काडी फिरवून ती कोरडीच बाहेर येते का, ते पाहतो.