‘कवी : अज्ञात’ असं छापण्याआधी

सोसायटीची स्मरणिका, मंडळाचा ई-अंक, माजी विद्यार्थ्यांचा दिवाळी विशेषांक, असलं काही अंगावर घेतलंत की ऑगस्टपासूनच कविता येऊ लागतात. निम्म्या सभासदांच्या स्वतःच्या आणि निम्म्या व्हॉट्सॲपवरून ‘फारच सुंदर आहे, अंकात घ्याच’ म्हणून ढकललेल्या. पहिल्या प्रकारच्या कवितांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्यात मैत्री मोडते, कायदा मोडत नाही. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. ठाण्यातल्या एका मंडळाचा ई-अंक मी ११ वर्षं काढते आहे, आणि या बाबतीत जे सल्ले मिळतात ते ऐकून ऐकून कान किटले आहेत.

त्यातला सर्वांत लाडका सल्ला म्हणजे ‘खाली साभार लिहा की झालं’. साभार म्हणजे आभारासह. ज्यानं दिलं त्याचे आभार मानायचे असतात. ज्याला विचारलंच नाही त्याचे कसले? ‘इंटरनेटवरून साभार’ हे तर स्टँडवरची सायकल उचलून ‘स्टँडवरून साभार’ म्हणण्यासारखं आहे. मग ‘चार ओळींपर्यंत चालतं’, ‘तीस टक्के बदललं की आपलं होतं’, ‘आपण कुठे पैसे कमावतोय?’ १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी टक्केवारी कुठेही नाही. कलम ५२मध्ये सवलती आहेत: खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. अंकाचं रिकामं पान भरणं त्यात येत नाही. त्याच कलमातली एक सवलत मात्र मंडळांच्या फार उपयोगाची आहे आणि नेमकी तीच कुणाला ठाऊक नसते. हौशी मंडळानं तिकीट न लावता श्रोत्यांसमोर साहित्यकृती सादर केली तर तो हक्कभंग होत नाही. म्हणजे कोजागरीला गच्चीवर खुशाल म्हणा. पण सवलत सादरीकरणाला आहे. तीच कविता छापायला किंवा तिचा व्हिडिओ चढवायला नाही.

पहिलं काम : कॉपीराइटची मुदत संपली आहे का?

कवी कोण हे खात्रीनं माहीत असेल आणि तो हयात नसेल, तर हे दोन मिनिटांचं काम आहे. मृत्यूच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. केशवसुत १९०५मध्ये गेले, बालकवी १९१८मध्ये. त्यांच्या कविता घ्या आणि नाव मात्र नीट छापा. गदिमा १९७७मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत विचारावं लागणार. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, पण त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं १९५२मध्ये, म्हणून ती गाणी २०१३पासून मुक्त झाली. (जुन्या संपादकांच्या डोक्यात ५० वर्षं पक्की बसलेली असतात. ती त्यांची चूक नाही. १९९१च्या अखेरीस रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत होती, तेव्हा ती वाढवून ६० केली.)

दुसरं काम : मूळ कवी शोधणं

खरी मेहनत इथे आहे, आणि मी तोंडावर आपटले तीही इथेच.

माझ्या दुसऱ्याच अंकात वडिलांवरची एक कविता आली होती, एका थोर दिवंगत कवीच्या नावानं. शंका घ्यावी असं काही वाटलं नाही. मी ती त्या कवीच्या छायाचित्रासह पहिल्या पानावर घेतली. भाऊबीजेच्या दुपारी फोन आला. सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक होते. म्हणाले, ‘बाई, कविता माझी आहे, आणि मी अजून जिवंत आहे.’ मी गडबडीनं मानधनाचं बोलू लागले, तर त्यांनी मला थांबवलं. त्यांच्या नातीनं ती कविता शाळेत आजोबांची म्हणून वाचून दाखवली होती आणि आमचा अंक पाहिलेल्या एका पालकानं तिला सांगितलं होतं, की तुझ्या आजोबांनी चोरली आहे. आम्ही अंकाची फाइल त्याच संध्याकाळी दुरुस्त केली, पहिल्या पानावर चूक कबूल केली, शाळेला पत्र लिहिलं. पण जुनी फाइल तोवर चारशे जणांकडे गेली होती, ती परत कशी घेणार?

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगते.

पहिली ओळ शोधू नका. सगळे पहिलीच ओळ शोधतात आणि शेकडो फॉरवर्डांच्या गाळात रुततात. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत लोक सर्वांत जास्त हात घालतात. पुढे ‘सुप्रभात’ चिकटतं, मागून कवीचं नाव गळतं. मधल्या कडव्यातली एखादी ठसठशीत प्रतिमा निवडा आणि सलग चार-पाच शब्द दुहेरी अवतरणात घालून शोधा. त्यात ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ असली अक्षरं नसतील असं पाहा. ती दोन तऱ्हांनी टाइप होतात. डोळ्यांना सारखी दिसली तरी संगणकाला ती वेगळी वाटतात आणि शोध कोरडा जातो. ‘ॲ’चीही तीच कथा. ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा एकदा शोधा, कारण मूळ कवीचं शुद्धलेखन फॉरवर्ड करणाऱ्यापेक्षा चांगलं असेल किंवा वाईटही असेल.

मग शोधाला तारखेची चौकट घाला. पाच वर्षांमागचं, दहा वर्षांमागचं असं सरकत जा. सर्वांत जुनं पान सापडलं की हर्षवायू होऊ देऊ नका. तो नुसता सर्वांत जुना चोर असू शकतो. त्या पानाखालच्या प्रतिक्रिया शेवटपर्यंत वाचा. ‘सर, ही तुमचीच ना?’ किंवा ‘माझी कविता आहे, कृपया नाव घाला’ असं बापडं वाक्य तिथे कुठेतरी दडलेलं असतं. माझे निम्मे कवी मला प्रतिक्रियांत सापडले आहेत.

दोन-तीन पाठ हाती लागले की ते शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणा. कविता वृत्तात किंवा ओवीत असेल तर जिथे ओळ लंगडते तिथे कुणीतरी शब्द बदलला आहे. जो पाठ लंगडत नाही तो मुळाच्या जवळचा. बहुतेक वेळा तो एका कडव्यानं मोठाही असतो, आणि गळालेलं कडवं नेमकं जरा कडू असतं. फॉरवर्ड करणाऱ्यांना गोड शेवट लागतो.

खाली मोठं नाव असेल तर दुप्पट संशय घ्या. मराठीत निनावी मजकुराला दत्तक घ्यायला पुलं, वपु आणि कुसुमाग्रज हे तिघे कायम तयार असतात असा समज दिसतो. पुलं २००० साली गेले, वपु २००१ साली. व्हॉट्सॲप आलं २००९मध्ये. तरी ‘लास्ट सीन’वरच्या कोट्या पुलंच्या नावानं माझ्याकडे आल्या आहेत. असा ढळढळीत पुरावा नसेल तर त्या लेखकाचं पुस्तक उघडा. घरी नसेल तर ग्रंथालयात जा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आणि मुंबईचं १८९८पासून आहे, ते काही शोभेला नाही. ग्रंथपालांना कवितेचा कागद दाखवा. त्यांना बऱ्याचदा शोधयंत्राआधी आठवतं. संग्रहात कविता सापडली नाही तर ते नाव छापायचं नाही. ‘त्यांचीच शैली वाटते’ हा पुरावा नव्हे. शैलीची नक्कल करता येते म्हणून तर हा सगळा घोळ होतो.

ज्यानं ढकलली त्याला विचारायला हरकत नाही, पण उत्तर मी आत्ताच सांगते: ‘मलाही फॉरवर्डच आली.’

मी एका कवितेला १५ दिवस देते. तेवढ्यात कवी सापडला नाही तर कविता वगळते, मग ती कितीही आवडो आणि अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी पाठवलेली असो. कवी मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, रीतसर अर्ज करून परवाना मिळवण्याची सोय कलम ३१अ मध्ये आहे; चाळीस पानी स्मरणिकेसाठी तो घाट कुणी घालू नये. आणि ‘कवी : अज्ञात’ ही पळवाट तर अजिबात नको. त्याचा खरा अर्थ ‘संपादक : आळशी’ एवढाच असतो.

तिसरं काम : परवानगी

कवी सापडला की लोक एकदम लाजतात. ‘एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं?’ सरळ विचारायचं. मी हा मजकूर पाठवते:

‘नमस्कार. आमच्या मंडळाच्या दिवाळी ई-अंकात आपली अमुक कविता आपल्या नावासह, जशीच्या तशी घेण्याची इच्छा आहे. अंक पीडीएफ स्वरूपात आहे, वाचकांना विनामूल्य आहे, मात्र त्यात जाहिराती असतात. वापर फक्त याच अंकापुरता. ५०० रुपये मानधन देऊ शकतो. कवितेचे हक्क आपल्याकडे आहेत की प्रकाशकाकडे, तेही कृपया कळवावे. सोबत आमच्याकडचा पाठ जोडला आहे. चुका असल्यास दुरुस्त करून द्याव्यात. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर मिळाल्यास सोयीचे होईल.’

यातलं एकही वाक्य गाळू नका. जाहिरातींचा उल्लेख तर मुळीच नाही. ते नंतर कळलं की माणूस दुखावतो आणि त्याचं बरोबरच असतं. हक्कांचा प्रश्नही मुद्दाम आहे. अनेक कवींनी पुस्तकाच्या वेळी कशावर सही केली हे त्यांना आठवत नाही, आणि मग ‘घ्या हो खुशाल’ म्हणणाऱ्या कवीच्या प्रकाशकाचं पत्र तुम्हाला येतं. कवी हयात नसेल तर वारसांना विचारायचं. मुलगा हो म्हणाला म्हणजे मुलगी हो म्हणाली असं नसतं. भाषांतरित कविता असेल तर मूळ कवी आणि भाषांतरकार अशा दोघांना विचारा.

फोनवर होकार आला तरी लेखी घ्या. फोन ठेवताच ‘आत्ताच्या बोलण्याप्रमाणे’ असा संदेश पाठवा आणि त्यावर उत्तर येईपर्यंत पान लावू नका. उत्तर नाही म्हणजे नकार. ‘निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे त्यांनी वाचलंय’ असं आमचे खजिनदार एकदा म्हणाले होते. वाचणं म्हणजे होकार असता तर वीजबिलंही वाचूनच भागली असती. गटाच्या ॲडमिनची परवानगी ही तर परवानगीच नाही. ॲडमिनकडे माणसं काढण्याचा हक्क असतो, कविता वाटण्याचा नव्हे.

परवानगी मिळाल्यावरही कवितेला हात लावू नका. कलम ५७ प्रमाणे आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला विरोध करण्याचा हक्क कवीकडे राहतोच, बाकीचे हक्क त्यानं दुसऱ्याला देऊन टाकले असले तरीही. आमच्या मुद्रितशोधकांनी एकदा वऱ्हाडी कवितेतल्या ‘मले’चं सगळीकडे ‘मला’ केलं. अगदी शुद्ध मनानं. कवयित्रीनं फोनवर मला पंधरा मिनिटं ऐकवलं, तेही वऱ्हाडीत. आता पान लावून झालं की त्याचं चित्र कवीला पाठवतो आणि ‘ठीक’ आल्यावरच पुढे सरकतो.

बाकीची कामं

छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या. प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव, दुवा आणि तुम्ही चित्र कापलं असेल तर तसा उल्लेख, एवढं चित्राखाली द्या. गूगलवर ‘सापडलेला’ रायगडाचा फोटो घेऊ नका. गूगल फक्त दाखवतं, देत नाही.

मानधन अंक निघण्याआधी द्या.

सगळ्या परवानग्या एका फोल्डरमध्ये, कवीच्या नावानं ठेवा. संपादक बदलला की फोल्डर त्याच्या हाती द्या.

कवीचं नाव कवितेच्या शेवटी छापू नका, शीर्षक आणि पहिल्या ओळीच्या मध्ये छापा. तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट निघणारच आहे आणि लोक खालून कापतात, हे मी अनुभवानं शिकले. गेल्या पावसाळ्यात त्या गुरुजींची वडिलांवरची कविता आमच्या गटात पुन्हा आली. या वेळी ती वपुंच्या नावावर होती. मी आमच्या दुरुस्त अंकातलं पान खाली चिकटवलं, शीर्षकाखालच्या नावासकट. पाच मिनिटांनी पाठवणाऱ्या काकूंचा निरोप आला: ‘अगंबाई, मलाही फॉरवर्डच आली होती.’