लहान मुलाला मराठी वाचायला शिकवायचंय? रोज वीस मिनिटं अशी वापरा

पहिली-दुसरीतल्या मुलांचे आईबाबा, आत्या, मावशी, शेजारचे काका, सोसायटीतल्या मुलांना संध्याकाळी शिकवणारे कॉलेजवाले, सगळ्यांसाठी लिहितेय. अशा मुलांना घेऊन मी रोज बसते आणि एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे पोरं क ख ग घ धडाधड म्हणतात, बाराखडी तालासुरात म्हणतात, पण पुस्तकातल्या 'नळ' वर बोट ठेवलं की गप्प होतात. अक्षरं पाठ असणं आणि आवाज जोडून शब्द वाचता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण घरी सगळा वेळ पहिल्यावर घालवतो.

आधी मूल नेमकं कुठे आहे ते बघा. मुलांना किती वाचता येतं ते तपासणारं 'असर' नावाचं सर्वेक्षण 2005 पासून होतंय, त्याची पद्धत घरी सहज वापरता येते. मुलाला आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद द्यायचा. तो नीट वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, आणि नाही जमला तर सुटे शब्द. शब्दांपैकी त्यानेच पाच निवडायचे, चार बरोबर आले तर शब्द येतात असं धरायचं. तेही नाही जमले तर तसंच पाच अक्षरांचं. अक्षरं मात्र ओळीने मांडू नका, नाहीतर ते पाठांतरावर म्हणून दाखवतं. आणि याची परीक्षा करू नका हो, चुकलं तर चेहरा पाडायचा नाही, कारण मुलं आधी आपला चेहराच वाचतात.

कानापासून सुरुवात

अक्षर ओळखायच्या आधी शब्दातले आवाज सुटे ऐकू यायला हवेत. त्यासाठी पाटीपुस्तक लागत नाही, शब्दांच्या भेंड्या खेळा, भाजी निवडताना, रिक्षात, कुठेही. 'मगर'ला किती टाळ्या? 'मगर'मधला म काढला तर काय उरलं? गर! हे ज्याला पटकन येतं त्याला पुढे शब्द जोडणं खूप सोपं जातं, आणि ज्याला नाही येत त्याच्यासोबत सरळ एक-दोन आठवडे फक्त हेच खेळा, घाई नको.

चार-पाच अक्षरं आणि काना, बास

सगळी मुळाक्षरं संपल्यावर काना, मग वेलांटी, असा क्रम लावलात तर मूल महिनोन्‌महिने एकही शब्द वाचत नाही आणि कंटाळतं. त्यापेक्षा म, क, र, न, ब एवढीच अक्षरं घ्या आणि लगेच काना द्या. बघा किती शब्द होतात: कान, नाक, मान, काम, मका, बाक, राम, मामा, काका, बाबा, बकरा. पहिल्याच आठवड्यात मूल खरेखुरे शब्द वाचतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग पुढची चार अक्षरं.

दिसायला सारखी अक्षरं एकत्र शिकवू नका. म पक्का झाल्याशिवाय भ नको, ब पक्का झाल्याशिवाय व नको, घ आणि ध मध्ये तर चांगलं अंतर ठेवा. अजून एक, राज्य सरकारने 2009 मध्ये मराठी ल आणि श कसे लिहायचे ते ठरवून दिलंय, पण मोबाईलवर बऱ्याचदा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. मूल गोंधळलं तर दोन्ही शेजारी लिहून दाखवा आणि सांगा की हा पण ल आणि हा पण ल.

जोडून वाचणं, इथे खरी मेहनत

आपल्याकडे "क ला काना का, न, कान" असं वाचायची सवय लावतात. ती लावू नका, कारण छोट्याशा शब्दासाठी पोराला एवढं सगळं डोक्यात धरावं लागतं आणि शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. थेट "का" म्हणायचं, आवाज लांबवायचा, काऽऽन. आवाज मध्ये तुटू द्यायचा नाही.

दुसरी अडचण अशी की आपण लिहितो 'सरबत' आणि बोलतो 'सर्बत'. शब्दाच्या शेवटचा अ तर आपण जवळजवळ बोलतच नाही. मूल प्रामाणिकपणे स-र-ब-त असं सुटं सुटं वाचतं आणि त्याला तो शब्द ओळखूच येत नाही. तेव्हा चूक म्हणू नका, "बरोबर, आता तू दुकानात मागतोस तसं पटकन बोल बघू" एवढंच म्हणा. च, ज, झ चं पण असंच. चाक आणि चार, जग आणि जन्म, झाड आणि झेंडा, अक्षर एकच पण उच्चार वेगळे, आणि मुलाला ते बोलताना आधीच येतात, त्यामुळे नियम सांगत बसू नका, शब्द ओळखला की उच्चार आपोआप येतो.

वेलांटी शिकवताना दुसरी आधी घ्या. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि ऐकू नंतर येते, बोट पुढे जातं आणि आवाज मागे राहतो, म्हणून पोरं अडकतात. दुसरी वेलांटी ऐकू येते त्याच क्रमाने लिहिलेली असते, आणि मराठीत शब्दाच्या शेवटी बहुतेक तीच असते, त्यामुळे मी, नदी, आजी, पाणी, भाजी असे भरपूर शब्द मिळतात.

शेजारी बसून वाचताना

समोर नाही, शेजारी बसा. पंधरा-वीस मिनिटं पुरे, पण रोज. मूल अडकलं की आपण लगेच शब्द सांगून टाकतो, तो मोह आवरा, मनात पाच आकडे मोजा. मग फक्त पहिलं अक्षर म्हणा. तरी नाही आलं तर शब्द सांगून पुढे जा, गोष्ट रखडू देऊ नका.

चित्राकडे लक्ष ठेवा. पान उघडलं, पाण्यात पांढरा पक्षी, खाली लिहिलंय 'बदक', आणि मूल 'ब' बघून वर डोळे नेतं आणि ठणकावून म्हणतं "बगळा!" रागावू नका, अंदाज हुशारीचाच आहे. चित्रावर हात ठेवा, दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवा, "इथे काय आहे?" द. मग बद... बदक! आणि मगच हात काढा, म्हणजे चित्र बघून त्याची त्यालाच खात्री पटते.

'पाणी'ला 'पानी' वाचलं, 'नाही'ला 'न्हाई' वाचलं तर वाचताना टोकू नका. अर्थ कळला म्हणूनच तर ते स्वतःच्या बोलीत आलं! प्रमाण उच्चार नंतर येतात, पण प्रत्येक ओळीला टोकलं तर मूल मोठ्याने वाचायचंच बंद करतं, हे मला फार लागतं. तेच पुस्तक परत परत वाचायचंय म्हणालं तर वाचू द्या, वेग तिथूनच येतो.

जोडाक्षरं शेवटी. आधी सरळ दिसणारी, मस्त, रस्ता, चप्पल, गच्ची. र चे प्रकार एकेक करून, गर्दी वेगळा दिवस, ट्रक वेगळा दिवस, दुसऱ्या वेगळा दिवस. क्ष आणि ज्ञ आख्खी अक्षरं म्हणूनच ओळखायला शिकवा, फोड करू नका.

वाचायला काय द्यायचं

विकत घ्यायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, एक नंबरच्या पातळीपासून सुरू करा. बाहेर पडलात की पाट्या वाचायला लावा. मुंबईत लोकलने जात असाल तर दादर हा सुरुवातीचा सोन्यासारखा शब्द, मग परळ, ठाणे, वाशी, माहीम.

एवढं रोज करूनही दुसरी संपत आली तरी साधे शब्द जमत नसतील, तर आळशी आहे असं म्हणून मोकळे होऊ नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, फळ्यावरचं दिसत नाही हे लहान मुलं स्वतःहून सांगत नाहीत. ते ठीक असेल तर वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं फार जड जातं का याची, तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, म्हणजे मुलाला मदत मागायचा हक्क आहे. तपासणी होईपर्यंतही गोष्टी वाचून दाखवणं थांबवू नका, कारण वाचता येत नसलं तरी त्याला गोष्ट पूर्ण कळत असते.