जिगचं कूळ शोधायचं तर

जिग म्हणजे नाचाची एक चाल. तिचं कूळ शोधताना नावावरून सुरुवात करू नका. आयरिश संगीतात एका चालीला पाच नावं आणि एकाच नावाच्या तीन चाली सर्रास सापडतात. डब्लिनला आल्यावर पहिलं वर्ष मी नावांच्या याद्या करण्यात घालवलं. पेटी काढली तेव्हा कुठे जमायला लागलं.

‘आयरिश वॉशरवुमन’ ही जिग घ्या. (पबमधले वादक हिच्या नावानं नाकं मुरडतात, इतकी ती वाजवून गुळगुळीत झालीय. शिकायला मात्र उत्तम.) जिगच्या बारमध्ये (म्हणजे एका आवर्तनात) सहा मात्रा, तीन-तीनच्या. आपल्याला लगेच दादरा आठवतो, पण चौथी मात्रा खाली समजू नका, तिथेही वजन पडतं. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवरचे स्वर तेवढे वहीत उतरवा. मधले स्वर वादक मनासारखे बदलतात, हे सहसा हलत नाहीत.

पांढरी पाचला सा धरा. पहिला बार: ग सा सा, मंद्र प सा सा. दुसरा: ग सा ग, प म ग. मग तोच आकार एक पायरी चढतो: म रे रे, मंद्र ध रे रे, म रे म, ध प म. सांगाडा उरला तो ग, मंद्र प, ग, प. म, मंद्र ध, म, ध. दोन बार सा वर, दोन रे वर. ही युक्ती माझीच असं वाटायचं. पण आयरिश चालींचे संग्राहक ब्रॅन्डॉन ब्रानख यांनी वजनाच्या स्वरांना आकडे देऊन हजारो चालींची कार्डं केव्हाच लावून ठेवली होती.

आता जुने संग्रह उघडा. जॉन प्लेफर्डच्या १६५१ सालच्या नृत्यसंग्रहात ‘डार्गेसन’ नावाची इंग्लिश चाल आहे. आठच बार, तोच सा-रे चा झोका. फरक शेवटाला: वॉशरवुमन सा वर येऊन टेकते, डार्गेसन टेकतच नाही, फिरून पहिल्या बारात शिरते. इंग्लिश संगीतकार होल्स्टनं १९११ मध्ये बँडसाठी ती गरगर फिरवली ती याच गुणावर.

एकदा बैठकीत मी बोलून गेले, डार्गेसन ही वॉशरवुमनची आई. शेजारचे फिडलवाले आजोबा म्हणाले, “आई कशावरून? लांबची मावशी असेल.” खरं होतं त्यांचं. छापून येण्याआधी चाल किती वर्षं नाचात फिरत होती, ते पुस्तक सांगत नाही. आणि सा-रे चा झोका तर कितीतरी चालींत असतो. म्हणून आता मी वहीत दोन रकाने करते: नुसता सांगाडा जुळला तर पहिल्यात, शेवटही जुळला तर दुसऱ्यात. दुसऱ्यात फार थोड्या जातात.

चालीच्या दुसऱ्या भागाचा सांगाडा वेगळा काढा. कधी कधी तो भलत्याच घरातून आलेला असतो.